प्लेटलेटमधलं प्रथिन ‘सक्रिय’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “प्लेटलेटला केंद्रक नाही, म्हणजे जनुकं चालू-बंद करायची सोय नाही. मग थ्रॉम्बिन लागल्यावर काही सेकंदांत सिग्नलिंग प्रथिनं सक्रिय होतात म्हणजे काय होतं? पुस्तकात नुसते बाण काढलेत. आणि प्रॅक्टिकलला एका नमुन्याचा एडीपीचा आलेख वर गेला आणि परत खाली आला. तो का?”

मी बावीस वर्षं मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्लेटलेटच्या कार्याच्या तपासण्या करते आहे. त्यामुळे पुस्तकापेक्षा आलेखाच्या बाजूने सांगेन. (आलेख म्हणजे नळीतल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की वर चढणारी रेघ, आणि एडीपी म्हणजे प्लेटलेटला उठवणारा एक छोटा रेणू.) तुमचे हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. पहिला नीट सुटला की दुसऱ्याचं बरंचसं उत्तर त्यातच मिळतं.

आधी केंद्रकाचं बघू. भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त काही मिनिटांत थांबतं. जनुक चालू करून, आरएनए बनवून, त्यावरून प्रथिन तयार करायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे केंद्रक असतं तरी या कामात त्याचा उपयोग झाला नसता. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या भल्यामोठ्या पेशीने प्लेटलेट सोडतानाच सगळा शिधा आत भरून दिलेला असतो. (प्लेटलेटमध्ये थोडंफार आरएनए असतं आणि त्यावरून थोडं प्रथिन बनतंही. पण ती तासांची गोष्ट झाली, आपण सेकंदांबद्दल बोलतोय.) पंगतीत पानं वाढून झालीत, सगळे मांडी घालून बसलेत, श्लोक तेवढा म्हणायचा राहिलाय, अशी प्लेटलेटची स्थिती असते. म्हणून ‘सक्रिय झालं’ हे वाचताना ‘नवीन बनलं’ असं मनात येऊ देऊ नका. जे प्रथिन आधीपासून आहे त्याचा आकार बदलला, जोडीदार बदलला किंवा जागा बदलली, यांतलं काहीतरी झालेलं असतं. पुस्तकातला बाण ही तिन्ही कामं एकाच चिन्हाने दाखवतो. तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो, आणि त्यात तुमची चूक नाही.

थ्रॉम्बिनपासून सुरू करते, कारण ते सगळ्यात नाट्यमय आहे. बहुतेक संप्रेरकं आपल्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरवर, जाऊन बसतात आणि काम झालं की उठून जातात. थ्रॉम्बिन बसत नाही, कापतं. ते मुळात प्रथिनं कापणारं एन्झाइम आहे. प्लेटलेटवरच्या त्याच्या ग्राहीला पार-१ म्हणतात. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गटाने तो शोधला तेव्हा त्याची तऱ्हा बघून लोक चकित झाले होते. या ग्राहीचं एक टोक पेशीच्या बाहेर लोंबत असतं. थ्रॉम्बिन त्यातल्या ४१व्या आणि ४२व्या अमिनो आम्लांमधला बंध तोडतं. वरचा तुकडा गळून पडतो आणि जे नवीन टोक उघडं पडतं ते वळून त्याच ग्राहीच्या खोबणीत जाऊन बसतं. म्हणजे किल्ली कुलपालाच दोरीने बांधलेली होती, फक्त तिच्यावर चिंधी गुंडाळलेली होती. थ्रॉम्बिनने चिंधी कापली, एवढंच.

हे खरं आहे का, याची खात्री आम्ही रोज करतो. त्या नवीन टोकाच्या पहिल्या सहा अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बाजारात मिळतो, त्याला ट्रॅप म्हणतात. तो नुसता प्लेटलेटवर टाकला तरी काहीही न कापता पार-१ चालू होतो. आमची त्यात एक सोयही आहे. प्लाझ्मामध्ये खरं थ्रॉम्बिन घातलं तर ते फायब्रिनोजेनही कापतं, नळीत सगळंच गोठतं आणि मोजायला काही उरत नाही. ट्रॅप वापरलं की तो प्रश्न येत नाही.

कापण्याचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवा. कापलेला ग्राही परत जोडता येत नाही. तो एकदाच वापरता येतो आणि नंतर पेशी त्याला आत ओढून घेते. थ्रॉम्बिन मात्र एकाला कापून दुसऱ्याकडे जायला मोकळं असतं. माणसाच्या प्लेटलेटवर पार-४ हा दुसरा भाऊही असतो. त्याला थ्रॉम्बिन जास्त लागतं, तो सावकाश उठतो, पण जास्त वेळ टिकतो. उंदराच्या प्लेटलेटवर पार-१ नसतोच, तिथे पार-३ आणि पार-४ काम करतात. त्यामुळे एखादा शोधनिबंध वाचताना प्लेटलेट कुणाची होती हे आधी बघत जा.

आता ग्राहीच्या आतल्या बाजूला येऊ. इथे जी-प्रथिन नावाचं, निरोप पुढे नेणारं प्रथिन बसलेलं असतं आणि त्याच्या मुठीत जीडीपीचा रेणू असतो (जीडीपीत दोन फॉस्फेट असतात, जीटीपीत तीन). तोंडी परीक्षेत मी हमखास विचारते की पुढे काय होतं. दहातले सात जण सांगतात, “जीडीपीला फॉस्फेट जोडून त्याचा जीटीपी होतो.” तसं होत नाही. ग्राही आकार बदलून जी-प्रथिनाची मूठ सैल करतो, जीडीपी निसटतो आणि पेशीत जीटीपी भरपूर असल्यामुळे रिकाम्या जागी तो येऊन बसतो. ही अदलाबदल आहे. जीटीपी बसला की त्या प्रथिनाचा एक भाग वेगळ्या पद्धतीने दुमडतो आणि आता तो फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला धरू शकतो. इथे ‘सक्रिय’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे की ज्याचा हात धरता येत नव्हता त्याचा आता धरता येतो. काही वेळाने जी-प्रथिन स्वतःच जीटीपी मोडून पुन्हा जीडीपी करतं आणि हात सुटतो. म्हणजे बंद होण्याचं घड्याळ त्याच्या आतच आहे.

फॉस्फोलायपेज-सी पटलातल्या, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या, एका मेदरेणूचे दोन तुकडे करतं. एका तुकड्यामुळे आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. शांत प्लेटलेटच्या आत कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं, बाहेर रक्तात त्याच्या दहा हजारपटीहून जास्त. आतलं प्रमाण दहापट वाढलं तरी सगळी सूत्रं हलू लागतात. दुसरा तुकडा पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सीला तिथे बोलावतो (कायनेज म्हणजे दुसऱ्या रेणूला फॉस्फेट लावणारं एन्झाइम). ही झाली जागेची गोष्ट. तेच प्रथिन पेशीद्रवात तरंगत असताना निरुपयोगी असतं आणि पटलाला चिकटलं की कामाचं होतं.

कोलॅजेनचा रस्ता निराळा आहे. तिथे जी-प्रथिन नाही, फॉस्फेट आहे. रक्तवाहिनी फाटली की खालचं कोलॅजेन उघडं पडतं आणि त्याच्या तंतूवर प्लेटलेटचे जीपी-सिक्स नावाचे बरेच ग्राही एकमेकांच्या शेजारी गोळा होतात. त्यांच्या शेपटाशी लिन आणि फिन ही कायनेजं असतात. गर्दी झाली की ती जीपी-सिक्सच्या जोडीदार प्रथिनावरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतात. हे फॉस्फेट म्हणजे भिंतीवर ठोकलेल्या दोन खुंट्या समजा. सिक नावाचं कायनेज त्या दोन्ही खुंट्यांना अडकतं, अडकल्यामुळेच उघडतं आणि पुढच्यांना फॉस्फेट लावत सुटतं. शेवटी हा रस्ताही फॉस्फोलायपेज-सीलाच येऊन मिळतो, फक्त त्याच्या वेगळ्या भावाला. कॅल्शियम इथेही वाढतं.

पण फॉस्फेट लागलं म्हणजे चालू झालं, असं समीकरण मांडू नका. माझ्या मते पुस्तकं सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच करतात. निरोगी रक्तवाहिनीचं अस्तर सतत प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं. त्यामुळे प्लेटलेटमध्ये सायक्लिक एएमपी आणि सायक्लिक जीएमपी हे दोन निरोप्ये रेणू चढे राहतात, त्यांची कायनेजं जागी राहतात आणि ती व्हॅस्पसारख्या अनेक प्रथिनांना फॉस्फेट लावून त्यांना *गप्प* ठेवतात. शांत प्लेटलेट म्हणजे झोपलेली प्लेटलेट नाही, तिला दाबून ठेवलेलं असतं. सुईने रक्त काढून नळीत घेतलं की अस्तराचा हा धाक संपतो. म्हणून सेंट्रिफ्यूज केल्यावर आम्ही नमुना थोडा वेळ स्वस्थ ठेवतो, घट्ट पट्टी बांधून घेतलेलं रक्त नको म्हणतो आणि बर्फात घालून आलेला नमुना परत पाठवतो. थंडीने प्लेटलेटचा चकतीसारखा आकारच बिघडतो. मागे एका ठिकाणाहून एका लहान मुलाचा नमुना बर्फाच्या पिशवीत नीट गुंडाळून, मोठ्या काळजीने पाठवला होता. बिचाऱ्याला पुन्हा सुई टोचावी लागली.

आता एडीपी. तुमचा आलेख इथला आहे, म्हणून इथे जरा थांबते.

प्लेटलेटवर एडीपीचे दोन ग्राही असतात, पी-टू-वाय-वन आणि पी-टू-वाय-ट्वेल्व्ह. पहिला वर सांगितलेल्या वाटेने कॅल्शियम वाढवतो. दुसरा कॅल्शियमच्या फारशा वाटेला जात नाही. तो सायक्लिक एएमपी खाली आणतो आणि पीआय-थ्री-कायनेज जागं करतो. मग दोघांची गरज काय? याचं उत्तर रॅप-१ नावाच्या एका छोट्या प्रथिनात आहे. तेही जीडीपी-जीटीपी अदलाबदलीवरच चालतं, पण स्वतःचं जीटीपी मोडण्यात फार आळशी आहे. त्यामुळे त्याला चालू करायला एक आणि बंद करायला एक असे दोन मदतनीस लागतात. चालू करणारा कॅलडॅग-जेफ, त्याला कॅल्शियम लागतं. बंद करणारा रासा-३, आणि तो शांत प्लेटलेटमध्ये सतत कामावर असतो. घागरीच्या तळाला भोक असावं तसा हा प्रकार आहे. पी-टू-वाय-वन वरून पाणी ओततो. पण कॅल्शियमची लाट थोडाच वेळ टिकते, मग घागर रिकामी व्हायला लागते. पी-टू-वाय-ट्वेल्व्ह खालच्या भोकावर बोट ठेवतो, म्हणजे पीआय-थ्री-कायनेजच्या मार्फत रासा-३ला अडवतो. दोघं मिळून असले तरच रॅप-१ भरलेलं राहतं.

रॅप-१ भरलं की टॅलिन हे प्रथिन पटलाकडे येतं आणि इंटिग्रिन या पटलातून आरपार गेलेल्या ग्राहीच्या शेपटीला धरतं, सोबत किंडलिनही लागतं. हे इंटिग्रिन म्हणजे हृदयरोगाच्या वॉर्डात ज्याला ‘टू-बी थ्री-ए’ म्हणतात तेच. एका प्लेटलेटवर याच्या सुमारे ८०,००० प्रती असतात. शांत असताना ते गुडघ्यात दुमडून, मान खाली घालून उभं असतं. शेपटी आतून ओढली की ते ताठ होतं, डोकं उघडतं आणि फायब्रिनोजेनला पकडतं. फायब्रिनोजेन दोन्ही टोकांनी पकडता येतं, म्हणून त्याचा दोन प्लेटलेटमध्ये पूल होतो. अशा लाखो पुलांनी गुठळीची सुरुवात होते. हे इंटिग्रिन जन्मतःच नसेल किंवा सदोष असेल तर ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया होतो. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ट ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा मुलांची प्लेटलेटची संख्या अगदी ठीक असते, तरी दात पडला की रक्त थांबत नाही. डेंग्यूच्या दिवसांत संख्येचा आकडा घेऊन धावपळ करणाऱ्या घरच्यांना मी हे मुद्दाम सांगते, की संख्या आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडं अवांतर. हे उघडलेलं डोकं बुजवणारं टायरोफिबॅन नावाचं औषध आहे. त्याची कल्पना फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरून आली. कोकणात पायाखाली येणारं तेच फुरसं. ते प्रथिन फायब्रिनोजेनच्या जागी जाऊन बसतं आणि प्लेटलेटना एकमेकींना धरू देत नाही.

आणखी एक फांदी राहिली, थ्रॉम्बॉक्सेन. कॅल्शियम वाढलं की पटलातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटतं, कॉक्स-१ हे एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि शेवटी थ्रॉम्बॉक्सेन बनून बाहेर पडतं. ते शेजारणींना आणि स्वतःलाही उठवतं. ॲस्पिरिन कॉक्स-१ मधल्या ५२९व्या जागेवरच्या सेरिन या अमिनो आम्लाला ॲसिटिल गट चिकटवून वाट कायमची बंद करतं. केंद्रक नसल्याची खरी किंमत प्लेटलेट इथे मोजते. दुसरी पेशी नवीन कॉक्स बनवून मोकळी होते, प्लेटलेटला ते जमत नाही. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं असतं आणि तोवर ती तशीच राहते. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट येतात, तेवढंच भरून निघतं.

हे मी शिकले ते फजितीतून. सुरुवातीच्या वर्षांत एकदा ‘नॉर्मल कंट्रोल’ म्हणून आमच्याच एका इंटर्नचं रक्त घेतलं. ट्रॅपला आलेख झकास आला, ॲराकिडॉनिक आम्लाला झोपला. मी अर्धा दिवस रसायनं बदलत बसले, यंत्र तपासलं. संध्याकाळी तो सहज म्हणाला की तीन दिवसांपूर्वी डोकं दुखत होतं म्हणून ॲस्पिरिन घेतली होती. तेव्हापासून कंट्रोलला मी आधी पंधरा दिवसांचा औषधांचा हिशेब विचारते आणि मगच बाही वर करायला सांगते.

आता तुमचा आलेख. तुम्ही वापरलेलं यंत्र गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालतं. प्लेटलेटनी गढूळ झालेल्या प्लाझ्मातून प्रकाश कमी जातो, त्या गोळा झाल्या की जास्त जातो. एडीपी टाकल्यावर आलेख आधी किंचित खाली गेला असेल, बघा. ती प्लेटलेट चकतीची काटेरी गोळी होण्याची खूण, आणि ते काम पी-टू-वाय-वनचं. मग तो चढला, म्हणजे रॅप-१ भरलं, इंटिग्रिन ताठ झालं, पूल बांधले गेले. आणि परत खाली आला, म्हणजे पूल सुटले. ओतणारा होता, पण भोकावरचं बोट टिकलं नाही. तुमचा पहिला प्रश्न खरं तर या उताराने सोडवला आहे. सक्रिय होणं ही एकदाच पडणारी कळ नसते, ती धरून ठेवावी लागते.

बोट का टिकलं नाही, हे मात्र मला इथून सांगता येणार नाही. ते तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे. एडीपी किती घातलं होतं? एक-दोन मायक्रोमोलर असेल तर आलेख परतणं अगदी नॉर्मल आहे. प्लाझ्मातली आणि पेशींवरची एन्झाइमं एडीपी मोडत असतात, थोडं घातलं तर ते संपतं. पाच-दहा मायक्रोमोलरला परतला असेल तर पुढचं विचारा: रक्त देणारी व्यक्ती क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर घेत होती का? ही तिन्ही औषधं नेमकं पी-टू-वाय-ट्वेल्व्ह अडवतात आणि आलेख हुबेहूब असाच दिसतो: आधीची छोटी खळगी शाबूत, चढ बुटका, मग उतार. क्लोपिडोग्रेल घेऊनही उतार दिसला नाही असे लोकही भेटतात. ते औषध यकृतातल्या सीवायपी-टू-सी-नाइन्टीन या एन्झाइमने आधी तयार करून घ्यावं लागतं आणि ते एन्झाइम कमी चालणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिसरी शक्यता एडीपीच्या बाटलीची. वारंवार गोठवून-वितळवून ते अर्धमेलं झालेलं असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पहिला संशय त्याच्यावरच घेईन. चौथी, नमुना चार तासांहून जुना होता का.

शिवाय सायट्रेटचाही विचार करा. रक्त गोठू नये म्हणून आपण ते घालतो आणि त्याने बाहेरचं कॅल्शियम बांधलं जातं. अशा कमी कॅल्शियममध्ये प्लेटलेट एकमेकींना भिडल्या की थ्रॉम्बॉक्सेन जास्त बनतं. म्हणून एडीपीच्या आलेखात पुष्कळदा जी दुसरी लाट दिसते ती शरीरातली नसून बरीचशी नळीतली असते. एका नमुन्यात ही दुसरी लाट आली आणि शेजारच्यात आली नाही, तर त्या दुसऱ्या व्यक्तीने वेदनाशामक घेतलं होतं का, हेही विचारून घ्या.

पुढच्या प्रॅक्टिकलला एक करून बघा. त्याच नमुन्याचे दोन भाग करा, एकात दोन आणि दुसऱ्यात दहा मायक्रोमोलर एडीपी, ताज्या बाटलीतलं. शेजारी तिसऱ्या नळीत ट्रॅप. तिन्ही आलेख एका कागदावर काढून दोन्ही एडीपींचा उतार किती मिनिटांनी सुरू झाला ते लिहा, आणि रक्त कुणाचं होतं, गेल्या पंधरवड्यात काय काय गोळ्या घेतल्या, तेही. ते आकडे कळवलेत तर पुढचं बोलता येईल.